आधी सभा, मग शाळा, शेवटी मैदान

कोरोनाच्या दोन वर्षांत शाळकरी पोरांचं काय झालं, हा वाद आमच्या बेळगावकडच्या सीमाभागात अजून मिटलेला नाही. तो मिटायची घाई मलाही नाही. पण तो ज्या तऱ्हेनं घातला जातो ते ऐकून डोकं फिरतं. शाळेचं गॅदरिंग असो, गणेश मंडळाचं व्याख्यान असो, नाहीतर एसडीएमसीची, म्हणजे शाळेच्या पालक समितीची बैठक, बोलणारा ठरलेल्या तीन रेकॉर्डींपैकी एक लावतो. पहिली, पोरं मोबाईलनं वाया गेली. दुसरी, आताची पोरंच मऊ. आमच्या आज्या-पणज्यांनी प्लेग काढला, बापानं बहात्तरचा दुष्काळ काढला, तेव्हा कुणाचं मन आजारी पडलं नव्हतं. तिसरी जरा नवी आहे आणि बेळगाव शहरात जास्त वाजते: खेळ बंद केले म्हणून पोरं नैराश्यात गेली, आत्महत्या वाढल्या, मैदानं बंद करायलाच नको होती. ज्या पोरांबद्दल हे सगळं चाललेलं असतं ती मागच्या रांगेत जांभया देत बसलेली असतात.

माझं मत आधीच सांगून टाकतो. मार्च २०२० मध्ये खेळ थांबवले ते बरोबरच केलं. चुकलं ते पुढे. कुलपं एकेक करून निघाली तेव्हा पोरांच्या मैदानाचं कुलूप सर्वांत शेवटी निघालं, आणि मधल्या काळात बुडालेली वर्षं कुणी हिशेबातच धरली नाहीत. तेरा ते अठरा या वयाला जो मार बसला तो जोर-बैठका चुकल्यामुळे बसला असं मला वाटत नाही. जोर-बैठका घरातही मारता येतात. बुडाला तो हंगाम, आणि हंगाम म्हणजे काय हे ज्यांनी कधी कुठल्या संघात नाव लागण्याची वाट पाहिली नाही त्यांना समजावून सांगावं लागतं.

आमच्याकडे पोरांचे दोन हंगाम. एक शाळेचा. पावसाळ्यात शाळा सुरू झाली की आधी क्लस्टर, मग तालुका, मग जिल्हा, मग बेळगाव विभाग, मग राज्य. बेळगाव आणि चिक्कोडी हे शैक्षणिक जिल्हे वेगळे, त्यामुळे एकाच महसुली जिल्ह्यातली दोन पोरं थेट विभागातच एकमेकांसमोर येतात. दुसरा हंगाम कुस्तीचा. संक्रांत झाली की जत्रांचे फड सुरू होतात ते पाऊस लागेपर्यंत. येळ्ळूरचं मैदान, बेळगावचा आनंदवाडीचा आखाडा, निपाणी-चिक्कोडीकडच्या गावोगावच्या जत्रा. सातवी-आठवीतलं पोरगं रेवड्यांच्या कुस्त्यांपासून सुरुवात करतं, अंगानं भरलं की इनामाच्या कुस्तीला उभं राहतं, आणि घरच्यांची ऐपत असेल, नसेल तर एखादी म्हैस विकून, कोल्हापूरला गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी अशा एखाद्या तालमीत जाऊन पडतं. कागदावर ते कर्नाटकाचं, पण त्याचा वस्ताद, त्याचा खुराक आणि त्याची स्वप्नं कोल्हापुरात. या पोरांसाठी महाराष्ट्राच्या वेशीवरचा कोगनोळीचा टोलनाका म्हणजे शाळेत जाताना लागणारा ओढा होता. उडी मारली की पलीकडे. फेब्रुवारी २०२१ मध्ये महाराष्ट्रातून येणाऱ्यांना आरटीपीसीआरचा दाखला सक्तीचा झाला आणि त्या ओढ्याची एकदम सरहद्द झाली.

आता तारखा पाहा. २५ मार्च २०२० ला देश बंद झाला, तो जत्रांचा ऐन मोसम होता. २०२१ च्या एप्रिलअखेर कर्नाटक पुन्हा बंद झालं, तोही ऐन मोसम. शाळेचा हंगाम तर त्याआधीच मार खाऊन बसला होता. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा तिघींनी मिळून जिल्हा धुऊन काढला. शाळांची निवारा केंद्रं झाली. मग २०२० चा पावसाळा कोरोनात, २०२१ चा पावसाळा कोरोनात आणि वर पुन्हा पुरात. आमच्याकडे हायस्कूल म्हणजे आठवी, नववी, दहावी. तीन वर्षांतली दोन गेली. ज्या पोरीनं आठवीत थोरल्या मुलींच्या बाटल्या भरल्या, नववीत खो-खोच्या संघात राखीव म्हणून बसून काढलं आणि दहावीत आपली पाळी म्हणून वाट पाहिली, तिची पाळी आलीच नाही. संघाबाहेर राहणं आणि संघच नसणं यातला फरक कसा सांगायचा? पहिल्यात रडू येतं, राग येतो, पुढच्या वर्षी दाखवतेच म्हणता येतं. दुसऱ्यात कुणावर रागवायचं?

तालमीतली एक गोष्ट मी जवळून पाहिली. हौद्यातली, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यातली माती रोज खणावी लागते. तिच्यात तेल, हळद, ताक, लिंबू पडतं, पोरांच्या अंगाचा घाम पडतो, तेव्हा ती मऊ राहते. चार-सहा आठवडे कुणी उतरलं नाही तर तिचं काँक्रीट होतं. आमच्या शेजारच्या गावातले वस्ताद लॉकडाऊनच्या काळात सकाळी एकटेच कुलूप काढून आत जायचे, फावड्यानं हौदा उकरायचे आणि कुलूप लावून परत यायचे. लोक म्हणत, म्हाताऱ्याला काम नाही. दुपारी ते पोरांच्या घरांवरून मुद्दाम चक्कर मारायचे आणि दारातूनच विचारायचे, "काय करूलालास रे?" उत्तर काय यायचं, ते महत्त्वाचं नव्हतं. कोण बाहेर येऊन उत्तर देतोय आणि कोण आतूनच ओरडतोय, यावरून त्यांना कळत होतं. त्यांच्याकडे कसलं पदवीचं कागद नव्हतं, पण कोणत्या पोरावर लक्ष ठेवायला हवं याची त्यांची यादी मला कुठल्याही प्रश्नावलीपेक्षा जास्त भरवशाची वाटली.

आता विरोधकांची बाजू. ती कमजोर मुळीच नाही. एप्रिल-मे २०२१ मध्ये इथे काय चाललं होतं ते ज्यांनी पाहिलं, ऑक्सिजनच्या सिलिंडरसाठी ज्यांनी रात्री काढल्या, त्यांच्यासमोर उभं राहून "खो-खोच्या स्पर्धा का घेतल्या नाहीत" असं विचारायला छाती लागते. बेळगावचे खासदार आणि केंद्रीय राज्यमंत्री सुरेश अंगडी २३ सप्टेंबर २०२० ला कोरोनानं गेले. मंत्र्याला जे जमलं नाही ते गावातल्या आजोबाला कुठून जमणार होतं? आमच्याकडे घर म्हणजे तीन पिढ्या एका छपराखाली. कबड्डीत श्वासाला श्वास भिडतो आणि पोरगं त्याच तोंडानं घरी येऊन आजीच्या मांडीवर डोकं ठेवतं. पोराला काही झालं नसतं. आजी गेली असती. आणि आपल्यामुळे आजी गेली हे ओझं घेऊन जगणारं पोरगं, त्याच्या मनाचं काय? हा मुद्दा खेळाच्या बाजूनं बोलणारे सोयीनं विसरतात.

म्हणूनच मी बंदच्या विरोधात नाही. माझा प्रश्न उघडण्याच्या क्रमाचा आहे. ४ मे २०२० ला कर्नाटकात दारूची दुकानं उघडली. जूनअखेर ते जुलैच्या सुरुवातीला राज्यानं सुमारे साडेआठ लाख विद्यार्थ्यांची एसएसएलसी, म्हणजे दहावीची परीक्षा घेऊन दाखवली. बाकांमध्ये अंतर, दारात तापमान मोजणं, मास्क, सगळं नीट केलं, आणि त्याबद्दल शाबासकी द्यायलाच हवी. सप्टेंबरात आयपीएल दुबई-अबुधाबी-शारजात जाऊन खेळली. डिसेंबरात ग्रामपंचायतींच्या निवडणुका झाल्या. १७ जानेवारी २०२१ ला बेळगावात केंद्रीय गृहमंत्र्यांचा मेळावा झाला. तिथल्या गर्दीवर, मास्क-अंतराचे नियम मोडूनही गुन्हा का नोंदवला नाही म्हणून उच्च न्यायालयानं पोलिसांना झापलं. १७ एप्रिल २०२१ ला, दुसरी लाट चढत असताना, लोकसभेची पोटनिवडणूक झाली. ३ सप्टेंबर २०२१ ला महापालिकेची निवडणूक झाली. हा सगळा काळ शालेय स्पर्धा बंदच होत्या. राष्ट्रीय शालेय स्पर्धांचं २०१९-२० नंतरचं पर्व तर जून २०२३ मध्ये झालं. मोकळ्या मैदानात दहा मुली अंतर ठेवून धावल्या असत्या तर धोका होता आणि मंडपात हजारो माणसं खांद्याला खांदा लावून बसली तर नव्हता, हे कुठल्या विज्ञानात बसतं?

इथे एखादा वाकबगार माणूस म्हणेल, केंद्रानं तर १७ मे २०२० च्या आदेशातच प्रेक्षकांविना क्रीडासंकुलं उघडायला परवानगी दिली होती. दिली होती, खरं आहे. पण क्रीडासंकुल कुठे असतं? बेळगावात असतं. कडोलीच्या, बेनाडीच्या, कणकुंबीच्या पोरांचं मैदान म्हणजे शाळेचं आवार, आणि शाळेला कुलूप म्हणजे मैदानाला कुलूप. नववी-दहावीच्या मुलांसाठी ते कुलूप २०२१ च्या आरंभी निघालं, एप्रिलमध्ये पुन्हा लागलं आणि ऑगस्ट २०२१ अखेर पुन्हा निघालं. तोवर महाराष्ट्र आणि केरळाला लागून असलेल्या जिल्ह्यांना शनिवार-रविवारची संचारबंदी वेगळी लागलेली. कागदावर जे उघडं होतं ते शहरातल्या क्लबवाल्या पोरांना उघडं होतं. ज्यांच्या घराला अंगण नाही, ज्यांच्या गावाला शाळेखेरीज सपाट जमीन नाही, त्यांना त्या आदेशाचा काय उपयोग?

उघड्यावर धोका कमी असतो हे सरकारला माहीत नव्हतं असंही नाही. ऑगस्ट २०२० मध्ये राज्यानं विद्यागम योजना आणली. शिक्षकांनी देवळाच्या कट्ट्यावर, झाडाखाली, समाजमंदिराच्या ओसरीवर छोटे छोटे गट करून शिकवायचं. मूळ कल्पना उत्तम होती. ऑक्टोबरात काही ठिकाणी मुलं-शिक्षक बाधित झाल्याच्या बातम्या आल्या आणि ती थांबवावी लागली, हेही खरं. म्हणजे उघड्यावर धोका शून्य नसतो, हे मला मान्य करावं लागेल. पण जानेवारीत ती पुन्हा सुरू झाली. झाडाखाली गणित चालतं, तर त्याच झाडाखाली त्याच गटाला दोरीवरच्या उड्या, धावणं, नेमबाजी, मल्लखांब का चालला नसता? कबड्डी, कुस्ती नको, ठीक. बाकीच्या खेळांना कबड्डीचं माप का लावलं? उत्तर सोपं आहे. खेळ हा अभ्यासक्रमाच्या शेपटाला बांधलेला विषय. शेपूट शेवटीच आत येतं.

प्लेगचा दाखला देणाऱ्या आजोबांना मी एवढंच विचारेन, की त्या साथीत माणसं गेली कुठे? १८९६ ला मुंबईत शिरलेला प्लेग पुढे धारवाड-हुबळीपर्यंत आला तेव्हा गावंच्या गावं रिकामी झाली आणि लोक मळ्यात, माळावर झोपड्या घालून राहिले. आमच्या भागातल्या जुन्या घरांत अजून "प्लेगात मळ्यात राहिलो तेव्हाची" म्हणून सांगितलेल्या गोष्टी ऐकू येतात. उंदीर पडला की घर सोडायचं. घर धोक्याचं, माळ सुरक्षित. हाल अपार होते, माणसं पटापट मेली, त्या काळाचं गुणगान करण्यासारखं काही नाही. पण पोरांचा दिवस उघड्यावर, दहा जणांत जात होता. १९१८ च्या मानमोडीत, म्हणजे इन्फ्लुएन्झात, तर साथीचा जोर काही महिन्यांतच ओसरला. २०२० नं जे केलं ते या दोन्हींच्या उलट होतं: पोरांना घरात कोंडलं, एकेकटं कोंडलं, आणि दीड-दोन वर्षं कोंडलं. तेव्हाची पोरं घट्ट होती आणि आताची मऊ आहेत, हा निष्कर्ष कसा काढला? दोघांना एकाच परीक्षेला बसवलंच नव्हतं. शिवाय तेव्हा कुणाचं मन आजारी पडलं नाही हे कुणी तपासलं होतं? गावात "वारं लागलेलं", "झपाटलेलं" म्हणून अंगारा लावत फिरवलेली पोरं होतीच की.

खाशाबांचा दाखलाही असाच फिरवून दिला जातो. १९४० आणि १९४४ ची ऑलिंपिक दुसऱ्या महायुद्धानं गिळली, तरी खाशाबा जाधव १९४८ ला लंडनला गेले, सहावे आले, १९५२ ला हेलसिंकीत कांस्यपदक घेऊन आले. मग आताच्यांना एका वर्षाचं एवढं काय? पण खाशाबा त्या युद्धाच्या वर्षांत कऱ्हाडच्या टिळक हायस्कूलात होते आणि कुस्ती करत होते. तालमी चालू होत्या, जत्रा भरत होत्या, फड लागत होते. पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी त्यांच्यासाठी आपलं घर गहाण टाकलं. म्हणजे युद्धानं वरची पायरी मोडली आणि खालचा जिना शाबूत राहिला. कोरोनात नेमकं उलट घडलं. टोकियो ऑलिंपिक एक वर्ष पुढे ढकललं पण झालं. ७ ऑगस्ट २०२१ ला नीरज चोप्रानं भाला फेकला आणि आम्ही सगळ्यांनी टीव्हीसमोर टाळ्या वाजवल्या. त्याच आठवड्यात आमच्या जिल्ह्यात शनिवार-रविवारची संचारबंदी सुरू झाली होती. वरची पायरी लखलखीत ठेवली आणि खालचा जिना काढून घेतला. तुम्मरगुद्दीसारख्या बेळगाव तालुक्यातल्या गावातून मलप्रभा जाधव २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत जाऊन कुराश या कुस्तीसारख्या खेळाचं कांस्यपदक आणते, ती हवेतून उगवत नाही. खालच्या पायऱ्या असतात म्हणून पोरी तिथवर चढतात.

"खेड्यात कसला लॉकडाऊन? पोरं दिवसभर क्रिकेट खेळत होती," हा आक्षेप मला सर्वांत दमदार वाटतो, कारण तो अर्धा खरा आहे. पोलिसांची जीप आली की पळायची, गेली की पुन्हा स्टंप लावायचे, हे मीही पाहिलं. पण कोण खेळत होतं? मुलगे. मुलींचं काय झालं? आमच्या भागात चौदा वर्षांच्या मुलीला घराबाहेर पडायला कारण लागतं, आणि "सरांनी सरावाला बोलावलंय" हे आईबापांना पटणारं, भावाला आडवं येता न येणारं कारण होतं. शाळा आणि सराव दोन्ही गेल्यावर कारणच उरलं नाही. निपाणीकडे किती मुली आईसोबत विड्या वळायला बसल्या, किती जणींच्या घरात एकच फोन होता आणि तो धाकट्या भावाच्या ऑनलाईन वर्गाला गेला, किती जणींकडे "आता दहावी झालीच आहे" म्हणून पाहुणे येऊ लागले! राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत कर्नाटकातल्या २० ते २४ वयाच्या विवाहितांपैकी आणि अविवाहितांपैकी मिळून २१.३ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. तो आकडा कोरोनाचा नाही. तो जुना रोग आहे. पण ज्या राज्यात हा रोग आहे तिथे मुलीला घराबाहेर ठेवणारी प्रत्येक गोष्ट मोलाची असते, आणि खो-खोचा संघ ही तशी गोष्ट होती. गल्लीतल्या क्रिकेटला कोच नसतो, वेळापत्रक नसतं, पुढची फेरी नसते. मुलीला तर तिथे जागाच नसते.

आता तिसऱ्या रेकॉर्डीकडे वळतो, कारण माझ्या बाजूचे म्हणवणारे लोकच तिथे घसरतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे ते तोंडावर फेकतात: विद्यार्थ्यांच्या आत्महत्या २०१९ मध्ये १०,३३५, २०२० मध्ये १२,५२६, २०२१ मध्ये १३,०८९. आकडे खरे आहेत आणि काळजाला लागणारे आहेत. पण २०२२ मध्ये मैदानं उघडल्यावर तो आकडा १३,०४४ होता. म्हणजे जवळपास तिथेच. खेळ बंद म्हणून आकडा चढला असेल तर खेळ सुरू झाल्यावर उतरायला हवा होता. तो उतरला नाही. या मृत्यूंमागे कर्ज आहे, परीक्षा आहे, घरातली भांडणं आहेत, प्रेमप्रकरणं आहेत. त्यांच्या प्रेतांवर उभं राहून आपली मागणी करणं मला शोभणारं वाटत नाही. त्यापेक्षा अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनची पाहणी कामाची. तिथल्या शालेय खेळाडूंत २०२० च्या वसंतात चिंता आणि नैराश्याची लक्षणं आधीच्या वर्षांपेक्षा बरीच वाढलेली दिसली. पुढच्या हंगामात काही शाळांनी खेळ सुरू केले, काहींनी नाही, आणि खेळायला मिळालेल्या मुलांत ही लक्षणं स्पष्टपणे कमी होती. यातही मेख आहे: जिथे खेळ बंद तिथे बहुधा वर्गही बंद. म्हणून हाही शेवटचा पुरावा नव्हे. पण तो योग्य प्रश्न विचारतो, बंद होतं तेव्हा काय झालं आणि उघडलं तेव्हा काय झालं. आपल्याकडे कुणी तेवढं तरी विचारलं का?

आणखी एक कबुली द्यायला हवी. खेळ म्हणजे मनाचं औषध, असं जे गोड गोड लिहिलं जातं ते लिहिणारे कधी तालुक्याच्या निवड चाचणीला गेलेले नसावेत. तिथे वशिला चालतो, वयाचे खोटे दाखले चालतात, वजन उतरवण्यासाठी पोरांना उपाशी ठेवलं जातं, हरलेल्या पोराच्या थोबाडीत बसते. सगळे वस्ताद माझ्या शेजारच्या गावच्यासारखे नसतात. काही पोरांना मैदान बंद झालं तेव्हा सुटल्यासारखं वाटलं असेल, आणि त्यांना तसं वाटणं चूक नाही. पण शाळेतही मारकुटे मास्तर असतात. म्हणून शाळाच नको असं आपण म्हणत नाही.

मग मनाच्या बाबतीत मैदान नक्की काय करतं? माझ्या मते ते पोराला एका मोठ्या माणसाच्या नजरेखाली आणतं, जो त्याचा बाप नाही आणि परीक्षकही नाही. युनिसेफच्या २०२१ च्या अहवालात भारतातल्या १५ ते २४ वयाच्या फक्त ४१ टक्के तरुणांना मनाच्या त्रासात मदत घेणं चांगलं वाटतं. २१ देशांची सरासरी ८३ टक्के होती. पोरगं समुपदेशकाकडे जाणार नाही, हेल्पलाईनला फोन लावणार नाही. केंद्रानं जुलै २०२० मध्ये मनोदर्पण सुरू केलं, ऑक्टोबर २०२२ मध्ये टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक आला. चांगल्या गोष्टी आहेत, गरज पडली तर जरूर लावावा. पण जांबोटीच्या पट्ट्यात रेंजसाठी टेकडी चढणारं पोरगं तिथे उभं राहून, मित्रांदेखत, अनोळखी माणसाला काय सांगणार? बंगळूरच्या निम्हान्स या मनोरुग्णालय-संस्थेनं १९८० च्या दशकात आपल्याच राज्यातल्या बळ्ळारी जिल्ह्यात प्रयोग करून दाखवला होता, की मानसिक आरोग्य प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत नेता येतं. देशाचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम त्यावरच उभा राहिला. त्याच धर्तीवर पीटीच्या सरांना दोन-चार दिवसांचं प्रशिक्षण देणं अवघड होतं का? सरावाला येणारं पोरगं तीन दिवस आलं नाही की पहिलं त्यांना कळतं. तेच सर त्या काळात कुठे होते? चेकपोस्टवर, सर्वेक्षणाला, धान्यवाटपाला. काहींनी जीव गमावला. त्यांना दोष नाही. पण त्यांच्या जागी पोरांकडे पाहायला कुणालाच नेमलं नाही.

सर्वांत जास्त चीड येते ती वयाच्या मुद्द्यावर, कारण तो सोडवायला पैसा लागत नव्हता. आमच्या खेड्यांत पहाटे रस्त्यावर धावणारी सैन्यभरतीची पोरं तुम्ही पाहिली असतील. मराठा लाईट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात, सोळाशे मीटरची वेळ प्रत्येकाच्या तोंडावर. कोरोनात दोन वर्षं भरती झाली नाही. १४ जून २०२२ ला अग्निपथ योजना आली, वय साडेसतरा ते एकवीस. देशभर रस्ते पेटले आणि दोनच दिवसांत सरकारनं त्या वर्षापुरती मर्यादा तेवीस केली, कारण दोन वर्षं भरती नव्हती, असं स्वतः सांगून. म्हणजे बुडालेली वर्षं मोजता येतात, भरून देता येतात, आणि त्यासाठी एक परिपत्रक पुरतं. मग शालेय खेळाडूंच्या १४, १७, १९ वर्षांखालच्या गटांना एक-दोन वर्षांची सवलत का दिली नाही? उत्तर मला दिसतं ते असं: भरतीची पोरं रस्त्यावर उतरू शकत होती, पंधरा वर्षांची खो-खोपटू उतरू शकत नव्हती. तिचं प्रमाणपत्र नाही, म्हणून क्रीडा कोट्यातली कॉलेजची जागा नाही, म्हणून पोलीस भरतीतला दावा नाही. ही साखळी आईबापांना कळते. मनाचं वगैरे त्यांना सांगितलं तर ते हसतील, पण "वर्ष फुकट गेलं" हे त्यांना पुरतं कळतं, आणि पोरीनं महिनाभर कुणाशी न बोलणं त्यांनी याच शब्दांत समजून घेतलं.

ही पोरं आता विशीत पोचली आहेत. त्यांना पुन्हा दहावीत बसवता येणार नाही. पण जिल्हा क्रीडा खात्याला आणि दसरा क्रीडास्पर्धा भरवणाऱ्यांना त्यांच्यासाठी एक खुला गट काढता येतो, कॉलेजांना क्रीडा कोट्यात २०२०-२२ च्या मुलांकडे २०१९ चं प्रमाणपत्र ग्राह्य धरता येतं. उशीर झालाय, पण अगदीच वेळ गेलेली नाही. आणि पुढचा बंद येणारच आहे. साथीचा नसेल तर पुराचा असेल. कृष्णाकाठच्या शाळांना ते सांगायला नको. त्यासाठी जिल्ह्याच्या आपत्ती आराखड्यात दोन ओळी हव्यात. शाळेचं आवार आणि शाळेची इमारत यांचे आदेश वेगळे निघतील, आणि इमारत बंद असली तरी अंतर ठेवून खेळता येण्याजोग्या खेळांसाठी आवार गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीनं उघडता येईल. दुसरी ओळ: बुडालेल्या प्रत्येक क्रीडा वर्षामागे वयोगटात एक वर्षाची सवलत आपोआप लागू होईल. एसडीएमसीच्या पुढच्या बैठकीत मोबाईलवर भाषण ठोकण्याऐवजी एवढा ठराव करून तालुक्याला पाठवायला कुणाची हरकत आहे?